उषाचं गाव

मी कार्ड नाकाशी धरलं तसा तुषार हसायला लागला.

"काका, सूंघो छो शुं? गजरो छे?"

"जळालेलं असलं तर वास लपत नाही," मी म्हणालो.

"अहो, मोटार नाही ही. ग्राफिक्स कार्ड आहे."

"असू दे. वीज यातूनही जातेच ना?"

किलवणीच्या सूत कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे. रिवाइंडिंगहून, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून, मोटार आली की आम्ही आधी वास घेतो, मग मीटर लावतो. कार्डाला धुळीचा वास होता. जळका नव्हता.

तुषारचं दुकान सिल्वासात, बाजाराच्या आतल्या गल्लीत. माझ्या बजेटमध्ये दोनच कार्डं बसत होती. एक नवं, आठ जीबीचं, वॉरंटीसकट. दुसरं बारा जीबीचं, पण वापरलेलं. तुषार म्हणत होता नवं घ्या. रोशनी, माझी मुलगी, म्हणत होती बारावालं घ्या.

"पप्पा, आपला स्क्रीन टू-के आहे. मोठ्या स्क्रीनवर ठिपके जास्त. तेवढे रंगवायला मेमरी लागते."

"पण जुन्यावर कोणी काय काय चालवलंय, भगवान जाणे," तुषार म्हणाला. "कुठला गेम खेळायचाय, ते तर सांगा."

रोशनीने गेमचं नाव सांगितलं. तुषारने माझ्याकडे पाहिलं. "आ तो छोकरांनो गेम छे, काका. ठोकळ्यांचा. कोण खेळतं?"

"तिची आई खेळायची," मी म्हणालो.

वापरलेलं कार्ड तुषारने स्वतःच्या मशीनला लावून बराच वेळ चालवून दाखवलं. मी विचारलं, "लांबचं दिसेल ना यात?"

"दिसेल, काका. खूप लांबचं."

मी तेच घेतलं.

उषा, माझी बायको, मागच्या श्रावणात कावीळ होऊन गेली. ती दुधनीकडची. लहान होती तेव्हा तिचं गाव मधुबन धरणाच्या पाण्याखाली गेलं. आमची ओळख कारखान्यातली, ती पॅकिंगला होती. लग्नाआधी एकदा तिने मला धरणाच्या काठावर नेऊन पाणी दाखवलं होतं. "तिथं आमचं घर," म्हणाली. मला पाणीच दिसलं.

कॉम्प्युटर रोशनीच्या कॉलेजसाठी घेतला होता. गेम रोशनीनेच शिकवला. त्यात जमीन, झाडं, नदी सगळं ठोकळ्यांचं असतं. खणायचं आणि बांधायचं. उषाने त्यात गाव बांधायला घेतलं. स्वयंपाक आटोपला की बसायची. मी शिफ्टवरून आलो की मला बोलवायची, "अवो, या ना. इथं आमची गाय बांधायचे. ही मामाची ओटी. इथून खाली गेलं की नदी."

गेममध्ये किती लांबपर्यंत दाखवायचं याची एक पट्टी असते. ती वाढवली की आमचा कॉम्प्युटर अडखळायचा, कारण त्यात कार्डच नव्हतं. म्हणून उषा पट्टी अगदी खाली ठेवायची. मग थोड्या पावलांपुढं सगळं धुकं. गावामागे तिने टेकडी केली होती. तिथं मला उभं करून म्हणायची, "इथून सगळं गाव दिसायचं. नदीपलीकडचं पण. पण तुमच्या या डब्याला तेवढं दिसत नाही."

ती गेल्यावर रोशनीने कॉलेजसाठी मोठा स्क्रीन घेतला; केबल मात्र उषाने डब्याला लावलेली तीच राहिली. त्यावर तर धुकं अजूनच जवळ आलं.

गेम उघडला की आपण आधी जिथं थांबलो तिथंच उभे असतो. उषा गेल्यावर मी पहिल्यांदा उघडला तेव्हा ती नदीच्या काठावर होती, हातात दगड. म्हणजे मी होतो, पण उभी ती राहिली होती. थोडं फिरून मी बंद करताना तिला परत तिथंच आणून उभं करायचो. धुक्यात कधी कधी काहीतरी हलल्यासारखं वाटायचं. बकरी असायची. तरी मी जरा वेळ थांबायचो.

सुट्टीच्या दिवशी सकाळी कार्ड मीच बसवलं. गेम उघडला, टेकडीवर गेलो, पट्टी वाढवली. सगळं अडखळायला लागलं, पहिल्यासारखंच. परत करून बघितलं. तेच. मी तुषारला फोन लावला.

"जुना माल गळ्यात मारलास का रे?"

"स्क्रीनची केबल कुठं लावलीये, काका?"

"होती तिथंच."

"म्हणजे वर? कार्ड खाली आहे ना. कार्डात का नाही लावली?"

"रोशनीच्या आईने लावलेली होती ती," मी म्हणालो. "मी काढलीच नाही."

तो हळू आवाजात म्हणाला, "काढा, काका. खाली लावा. काही नाही होत."

काढताना केबल जरा घट्ट होती. खाली लावली. गेम उघडला.

टेकडीवरून धुकं मागे सरकत गेलं. ओटी दिसली, गोठा दिसला, उतरती वाट, नदी. नदीपलीकडेही घरं होती, मला कधीच न दाखवलेली. एकेका दाराबाहेर तिने दिवा लावला होता. वाट शेवटच्या घरापर्यंत जात होती. त्यापुढे मोकळी जमीन, कोणीच न खणलेली, नजर जाईल तिथवर.

सगळं गाव एकाच वेळी दिसत होतं. मी एकेक घर बघितलं. गोठ्यात, ओटीवर, नदीवर. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. कुठेच कोणी नव्हतं. लपायला जागाही नव्हती.

मी पट्टी खाली आणली. नदीपलीकडची घरं गेली.

रोशनी चहा घेऊन आली. "पप्पा, कमी का केलं? मग एवढं कार्ड कशाला घेतलं?"

"डोळ्यांना त्रास होतो गं."

तिने कप ठेवले. स्क्रीनकडे बघत उभी राहिली. मग माझ्या हातातून माउस घेतला आणि पट्टी अजून खाली नेली. नदी गेली, गोठा गेला, धुकं टेकडीच्या पायथ्याशी आलं.

"आईचं एवढंच असायचं," ती म्हणाली.

तिने खुर्ची ओढली आणि शेजारी बसली. आम्ही धुक्याकडे बघत चहा प्यालो. एवढंसं दाखवायला कार्डाला काही कामच नव्हतं. जरा वेळाने त्याचे पंखे हळू झाले आणि थांबले.