भावाची अनामत

मित्रांनो, मी एक जुनी तिजोरी आहे. जुनी म्हटले म्हणून कीव करू नका. रंगकाम ठेकेदारांच्या संघाच्या कचेरीत मला आणले, तेव्हा जिना चढता चढता धट्ट्याकट्ट्या हमालांनाही घाम फुटला होता. वरच्या पायरीवर टेकून एक जण म्हणाला, "हिच्यात पैसे ठेवायचेत की हिलाच विकून पैसे करायचेत?"

मला घडवणारा कारागीर हट्टी होता. त्याने माझ्या अंगात दुहेरी पत्रा घातला, मध्ये वाळू भरली आणि कुलपाला दोन वेगळ्या किल्ल्या दिल्या. दोन्ही फिरल्याशिवाय मी उघडत नाही. एक किल्ली संघाच्या अध्यक्षांकडे असे, दुसरी खजिनदारताईंकडे. प्रत्येक ठेकेदार संघाकडे अनामत ठेवी. संघ सोडताना ती परत मिळे. तोवर ती माझ्या पोटात सुखरूप असे.

खजिनदारताई स्वतः ठेकेदार होत्या. नखांत कायम रंग आणि आवाज असा की चौथ्या मजल्यावरचा माणूसही दचकावा. त्यांचा धाकटा भाऊही याच धंद्यात होता. ब्रश धरायलाही त्याला त्यांनीच शिकवले होते.

या भावाच्या कामावर एक दिवस उंच भिंत रंगवायला टांगलेल्या परांचीचा दोर तुटला आणि एक रंगारी उंचावरून खाली पडला. जीव वाचला, पण खुब्याचे हाड मोडले. कोर्टाने भरपाई द्यायला सांगितली, तर भावाने सरळ हात वर केले. घर बायकोच्या नावावर, टेम्पो मेहुण्याच्या नावावर. रंगाऱ्याची बायको कोर्टात खेटे घालून थकली. शेवटी तिच्या वकिलाच्या ध्यानात आले की या माणसाची अनामत संघाकडे पडून आहे.

मग एका सकाळी कोर्टाचा बेलीफ हुकूम घेऊन कचेरीत आला. रंगाऱ्याची बायकोही सोबत होती. खुर्ची दिली तरी ती बसली नाही, दाराशीच उभी राहिली.

बेलीफ म्हणाला, "ताई, तुमच्याकडे त्यांची जी रक्कम आहे ती जप्त झाली आहे. आता ती त्यांना द्यायची नाही, कोर्टात भरायची. काही नसेलच, तर तसं लेखी कळवा."

ताईंनी सही करून हुकूम घेतला. भावाचे नाव वाचताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. पण बेलीफ गेल्यावर त्या बराच वेळ माझ्या दारावर तळवा टेकून उभ्या राहिल्या. 

दुपारी अध्यक्ष आले. मागोमाग भाऊ.

"शिल्लक काही नाही, असं लिहून टाकू," अध्यक्ष म्हणाले. "आज याच्यावर आलंय, उद्या आपल्यावर येईल." आणि त्यांनी आपली किल्ली माझ्या कुलपात घालून फिरवलीसुद्धा.

भावाने हात पुढे केला. "ताई, तुझी किल्ली दे."

"नाही देणार."

"अगं, मी भाऊ आहे ना तुझा?"

"म्हणून तर थांबून बोलतेय. दुसरा कुणी असता तर जिना दाखवला असता. मला एक सांग, दोर झिजलाय हे त्या माणसानं तुला आधी सांगितलं होतं?"

भाऊ खाली बघत राहिला. "सांगितलं होतं."

"मग?"

"काम उरकत आलं होतं गं. वाटलं, एवढा आठवडा निघेल."

"तुझा आठवडा निघाला. त्याला मोडक्या खुब्यावर अख्खा जन्म काढायचाय."

अध्यक्षांनी घसा खाकरला. "पण संघानं सभासदाचे पैसे असे देऊन टाकले, तर इथे अनामत ठेवेल कोण?"

"आणि संघ कोर्टाला खोटं सांगतो हे कळलं तर कोण ठेवेल?" ताई म्हणाल्या. "पैसे त्याचे, देणंही त्याचंच. आपण नुसते सांभाळणारे."

 मग अध्यक्षांनी मुकाट्याने किल्ली उलटी फिरवून काढून घेतली. भाऊ मात्र दारातून ओरडला, "आजपासून तुझ्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही!"

दुसऱ्या दिवशी बेलीफासमोर दोन्ही किल्ल्या फिरल्या आणि रक्कम कोर्टात गेली. मित्रांनो, त्या दिवशी मी जितक्या दिमाखात उघडले, तितक्या दिमाखात पुन्हा कधीच उघडले नाही. रंगाऱ्याचे ऑपरेशन झाले. तो आता काठी घेऊन चालतो आणि रंग मिसळून देण्याचे छोटे दुकान चालवतो. गिऱ्हाईक नुसता कापडाचा तुकडा दाखवते, तो हुबेहूब छटा काढून देतो.

भाऊ कित्येक महिने फिरकला नाही. ताई त्याचे नाव काढत नसत; फक्त जिन्यावर पावले वाजली की मान वर करत. एका सकाळी तो आला, हातात नव्या अनामतीचे पाकीट घेऊन. ताईंनी आधी खिडकीतून खाली पाहिले. टेम्पोत कोऱ्या दोरांची वेटोळी होती. मगच त्यांनी किल्ली काढली.

"ठेव," तो म्हणाला. "हिच्यातून मलाच पैसे काढता आले नाहीत, तर चोराला काय येणार!"

ताई खो खो हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "दुपारी जेवायला ये."

आता संघाचे पैसे बँकेत असतात. माझ्या पोटात चहाचे कप, वाळलेले ब्रश आणि कुणाची तरी छत्री आहे. मला भंगारात काढायच्या गोष्टी नवे चिटणीस अधूनमधून करतात. मला वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण ओशाळवाणे वाटत नाही. कुणी विश्वासाने काही सांभाळायला दिले, तर ते ज्याच्या हक्काचे असेल त्याच्यापर्यंतच पोहोचवा, एवढेच मी तुम्हाला सांगेन. आणि कधी या कचेरीत आलात, तर माझ्या बिजागरीत थोडे तेल घाला. बाकी मी अजून भक्कम आहे.