दोन देवांची कल्लिरोई

मित्रांनो, मी एक जुनी नगरी आहे. माझ्यात देवळे आहेत, धान्याची कोठारे आहेत, मेंढ्या आहेत आणि एक छोटे बंदरही आहे. मात्र माझ्या रस्त्यांची धूळ तुमच्या पायाला कधी लागायची नाही, कारण मी संगणकावरच्या एका खेळात वसलेली आहे. जुन्या ग्रीक देवांच्या काळातले शहर वसवायचा हा खेळ. सुरुवातीला नुसते ओसाड बेट असते. आधी रस्ता आखायचा, मग घरांच्या जागा नेमायच्या, की गाठोडी घेतलेली माणसे हातगाड्या ओढत येतात आणि राहू लागतात. त्यांना पाणी, गहू आणि ऑलिव्हचे तेल वेळेवर मिळाले तर झोपडीचे घर होते. नाही मिळाले तर ती पुन्हा गाठोडी बांधतात. देवांचे तर विचारूच नका. त्यांना राग यायला निमित्तही लागत नाही.

मला इसिदोरने वसवले. हिओस बेटावरच्या कार्दामिला गावचा हा मुलगा जहाजावरची पहिली सफर संपवून परतताना पिरेअस बंदरातून एक जुना संगणक घेऊन आला. बोटीत धक्के बसू नयेत म्हणून त्याने तो स्वतःच्या घोंगडीत गुंडाळला होता. घराच्या पुढच्या खोलीत, खलाशांना सांभाळणाऱ्या संत निकोलाओसच्या तसबिरीखाली, त्याने तो मांडला आणि खेळाने गावाचे नाव विचारले तेव्हा आईचे नाव लिहिले : कल्लिरोई.

"म्हणजे आता माझ्या अंगावरून गाढवं चालणार," आई म्हणाली.

"गाढवं, मेंढ्या, सगळंच चालणार. तू नुसती बघत राहा, किती सुंदर करतो तुला."

"सुंदर होते तेव्हा तुझा बाप समुद्रावर होता. आता काय उपयोग?"

पण इसिदोरने बोलल्याप्रमाणे केले. उतारावर ऑलिव्हची झाडे लावली, विहिरी खोदल्या, बंदराच्या कडेने पांढऱ्या घरांची ओळ उभी केली. त्याचे मित्र मला बघायला येत आणि "हाताला गुण आहे बाबा याच्या" असे म्हणत. खोटे कशाला बोलू, त्या दिवसांत मी थोडी चढूनच गेले होते.

माझ्या बेटाला एक अट होती. इथे अथेना देवीचे देऊळ बांधल्याशिवाय डाव पुरा होत नाही, आणि तिच्या देवळाचा पाया घातला की समुद्राचा देव पोसायडन रुसतो. शहाणे खेळाडू अथेनाला धरतात आणि पोसायडनचा मार खातात. इसिदोरनेही तेच केले. त्याने पाया घातला, थोड्याच वेळात शंख वाजला आणि हिरवी लाट उठून माझ्या बंदरावर कोसळली. नेमकी तेव्हाच आई इस्त्री केलेले सदरे घेऊन खोलीत आली. दुसऱ्या दिवशी इसिदोर पुन्हा जहाजावर चढणार होता.

आईने छातीवर क्रूस काढला. "बंद कर ते. घरातलं माणूस समुद्रावर असताना पोसायडनशी भांडण मला चालणार नाही."

"आई, खेळ आहे हा."

"तुझ्यासाठी खेळ आहे. त्याला सांगितलंस का, खेळ आहे म्हणून?"

इसिदोर गेला. संगणकावर क्रोशाचा रुमाल आला आणि रुमालावर फुलदाणी. माझी माणसे लाटेने मोडलेल्या घरांत तशीच अडकून पडली. अथेनाचा पाया उघडा राहिला. मित्रांनो, मोडकळीला आलेले गाव निदान पावसाने भिजते, त्यावर गवत उगवते. माझ्या वाट्याला तेही नव्हते. मी फक्त थांबले होते. पण मला पुन्हा उठायचे आहे, एवढे मी मनाशी धरून ठेवले होते.

मला उठवले ते मार्केलाने. मार्केला ही इसिदोरची धाकटी बहीण. शाळा संपली तशी तिने एक दिवस जेवताना सांगून टाकले की तिला समोरच्या इनूसेस बेटावरच्या नाविक शाळेत जायचे आहे. जहाजावर अधिकारी व्हायचे आहे.

आईने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "एक गेला तेवढं पुरे."

"तो गेला तेव्हा तू काही बोलली नाहीस."

"बोलले नाही म्हणजे बरं वाटलं असं नाही. अगं, माझं अर्धं आयुष्य धक्क्यावर गेलं. तुझा बाप होता तोवर त्याच्यासाठी उभी राहिले, मग मुलासाठी. आता तुझ्यासाठीही उभी राहू? माझे पाय काय लोखंडाचे आहेत?"

घरात अबोला सुरू झाला. भांडीच काय ती बोलत होती. अशाच एका दुपारी मार्केलाने रागारागाने फुलदाणी उचलून बाजूला ठेवली, रुमाल काढला आणि मला सुरू केले. मला इतका आनंद झाला की विचारू नका. आईने मात्र इसिदोरचा फोन आला तेव्हा त्याच्याकडे तक्रार केली. मार्केलाने तिच्या हातातून फोन ओढून घेतला. "इसिदोर, अथेनाचं देऊळ बांधून पोसायडनचंही बांधता येतं का रे?"

फोनमधून त्याचे हसणे खोलीभर ऐकू आले. "आमच्या जहाजावरही हा खेळ खेळतात, सगळ्यांनी डोकी फोडून घेतली. त्याचा राग उतरवायला माशांचा नैवेद्य लागतो आणि माशांचं कोठारच तो लाटेने फोडतो. सोड नाद."

आईने हे ऐकले आणि तिचा चेहरा बदलला. फोन ठेवल्यावर ती मार्केलासमोर येऊन उभी राहिली. "ठीक आहे. ज्या दिवशी ही दोघं माझ्या नावाच्या गावात शेजारी शेजारी बसतील, त्या दिवशी तू जा समुद्रावर. तोवर त्या शाळेबद्दल एक अक्षर नको."

"शब्द?"

"शब्द. आणि खेळताना निकोलाओसपुढे दिवा लावायचा. दिवा विझला की खेळ बंद."

अशी ही बाजी लागली. मी पुरी झाले तर मार्केला जाणार होती आणि अर्धवट राहिले तर घरात राहणार होती. एकाच घरात एकीला मी उभी राहायला हवी होते आणि दुसरीला पडायला. माझे स्वतःचे म्हणाल, तर मला उभे राहायचे होते.

पडद्याच्या कोपऱ्यात पोसायडनचा त्रिशूल दिसे. तो रागाने तांबडाभडक असे. नैवेद्य मिळाला की थोडा फिका होई. अगदी पांढरा झाला तरच त्याचे देऊळ बांधायची परवानगी मिळते. शंख वाजल्यापासून लाट बंदराला लागेपर्यंत जेवढा वेळ मिळतो, तेवढ्यात किनाऱ्यावरच्या वेदीवर मासे ठेवायचे. एकदा जरी चुकले तरी त्रिशूल पुन्हा तांबडा.

मार्केलाने आधी भिंत बांधली. लाटेने भिंतही नेली आणि कोठारही. तिने दुप्पट जाड भिंत बांधली, तीही गेली. तिने सैन्य उभे केले. माझे भालेवाले समुद्राकडे तोंड करून उभे राहिले आणि भिजले. मार्केला दातओठ खाऊन पुन्हा बांधू लागली. मागे आई खुर्चीवर बसून बाकल्याच्या शेंगा सोलत होती. ती लक्ष नसल्यासारखे दाखवी, पण तिचा डोळा पडद्यावरून हलत नसे.

शेवटी तिला राहवले नाही. "पाण्याला टेकून कोठार बांधतं का कुणी? आपलं जुनं गाव वर डोंगरात का आहे? चाचे यायचे म्हणून! खाली नुसत्या होड्या ठेवायचे, बाकी सगळा संसार वर. शेळीलाही कळेल हे."

एवढे बोलून तिने जीभ चावली. मार्केला हळूच वळून बघू लागली.

"माझ्याकडे काय बघतेस? मी शेंगा सोलतेय."

त्यानंतर जे झाले ते मला फार लागले. मार्केलाने माझी सगळी पांढरी घरे पाडली. इसिदोरने हौसेने लावलेली ओळ गेली. माझी निम्मी माणसे गाठोडी बांधून निघून गेली आणि मला वाटले, संपले आता. पण मी धीर धरला. खाली फक्त धक्के आणि वेदी राहिली. वर चढावर घरे आली, चौक आला, चौकाशेजारी माशांचे कोठार आले. कोळी टोपल्या डोक्यावर घेऊन डोंगर चढू लागले.

आता अडचण पाण्याची झाली. पाणी वाटणारी बाई चौकापर्यंत येई आणि वरच्या आळीला न जाता खाली वळे.

"ही बया रोज चौकातून डावीकडेच का जाते?" आईने विचारले. "तिकडे कुणी आहे का तिचं?"

मार्केला हसून हसून खुर्चीतून पडायची राहिली. अबोला सुटला तो तिथे. मग मार्केलाने डाव्या वाटेवर फाटक घातले, बाई वरच्या आळीला गेली आणि वरची घरे वाढू लागली.

लाटा येतच राहिल्या. लाट आली की धक्के मोडत. आम्ही धक्के पुन्हा बांधत असू. कोठार वर सुरक्षित असे, मासे वेळेवर वेदीवर जात आणि त्रिशूल थोडा फिका होई. पुन्हा लाट, पुन्हा धक्के. संत्र्यांचा हंगाम गेला, अंजिरे पिकली, अथेनाचे देऊळही पुरे झाले. त्रिशूल तांबड्याचा गुलाबी झाला, मग त्याहून फिका. जसजसा तो फिका होत गेला, तशी आई गप्प होत गेली. शेंगा सोलणेही तिने बंद केले.

मग तो दिवस आला. सकाळची वेळ होती. खाली गल्लीतून शेजारणीने हाक मारली, तिच्या होडीचा दोर सुटला होता. "आत्ता आले," असे म्हणून मार्केला पळाली. मला थांबवायचे ती विसरली. खोलीत फक्त आई होती, आणि माझ्यात शंख वाजला.

मित्रांनो, आईला सगळे माहीत होते. इतके महिने ती मागे बसून बघत होती. तिला ठाऊक होते की हा नैवेद्य चुकला तर त्रिशूल पुन्हा तांबडा होणार आणि केलेले सगळे पाण्यात जाणार. तिला काहीच करायचे नव्हते. नुसते बसून राहायचे होते, की मुलगी तिच्याजवळ राहिली असती. कुणी तिला बोलही लावला नसता. ती दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली. लाट उठली. मी ओरडू शकत नव्हते. तिचे ओठ हलत होते, आणि मला ऐकू आले की ती इसिदोरचे नाव घेत आहे. त्याचे जहाज तेव्हा कुठल्याशा वादळी पाण्यात होते आणि त्याचा फोन आलेला नव्हता.

ती उठली. सवय नसलेल्या हाताने तिने माउस धरला. बाण भरकटला, मेंढ्यांवर गेला, देवळावर गेला, शेवटी वेदीवर आला.

"घे," ती म्हणाली. "घे बाबा, खा. पण माझ्या पोराला हात लावू नकोस. आणि पोरीलाही."

तिने बटण दाबले. मासे वेदीवर गेले. लाट बंदराच्या तोंडाशी आली आणि खाली बसली. त्रिशूल पांढरा झाला.

मार्केला ओल्या पायांनी परतली आणि दारातच थांबली. "आई, कुणी केलं हे?"

"मला काय माहीत? मांजर बसलं होतं तिथे."

"मांजराला वेदी सापडली?"

"कार्दामिलाचं मांजर आहे. मासे कुठे ठेवायचे ते त्याला कळतं."

मार्केलाने तिला मिठी मारली. आईने मारू दिली. पुढे संगमरवर आला, खांब उभे राहिले आणि अथेनाच्या शेजारी पोसायडनचे छप्पर चढले. वाजंत्री वाजली. आई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ वाहत राहिला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक जुनी कातडी बॅग होती. "तुझ्या बापाची. चेन अडकते, तिला साबण लाव."

आज मार्केला एका मोठ्या तेलवाहू जहाजावर अधिकारी आहे. इसिदोरही समुद्रावरच आहे. मी मात्र म्हातारी झाले. माझ्या संगणकाचा पंखा घरघरतो, पडद्यावर एक काळी रेघ पडली आहे. गावातला दुरुस्तीवाला मुलगा म्हणाला, "कल्लिरोईबाई, आता नवा घ्या. हा भंगारात द्या." आईने त्याला मस्तकी नावाच्या सुगंधी डिंकाची मिठाई दिली आणि विचारले, "नव्यात माझं गाव आहे का?" तो पंखा पुसून गेला.

आता आई रोज सकाळी गुडघे चोळत येते आणि मला सुरू करते. नवे काही बांधत नाही. देऊळ मिळाले तरी पोसायडनचा शंख वाजतोच. तो वाजला की वेदीवर मासे ठेवते, जतन करते आणि मगच कॉफी घेते. तिला बघून मला वाटते की आम्ही दोघी एकाच नावाच्या उगीच नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्याही घरी एखादे जुने यंत्र रुमालाखाली पडले असेल, तर फेकण्याआधी त्याची धूळ झटका आणि एकदा सुरू करून बघा. खेळ संपवताना जतन करायला विसरू नका. माझी काळजी करू नका. पंखा घरघरला तरी उद्या सकाळी मी उठणार, परवाही उठणार. मला बंद पडून चालायचे नाही. आमची दोन माणसे समुद्रावर आहेत.