साक्षीदाराच्या बाजूचं नेटवर्क

मंगळवार, दुपारचा एक. व्हिएतनाममधलं हायफाँग शहर. एका कॉफीच्या दुकानात, भिंतीला लागून असलेल्या बुटक्या टेबलावर मी चालू होतो आणि माझ्याशेजारी एक लॅपटॉप उघडा होता. रायपुरात तेव्हा साडेअकरा वाजले होते. तिथल्या एका सरकारी कार्यालयात एका कामगाराच्या मृत्यूची सुनावणी सुरू होती.

मी एक मोडेम आहे. काळा, साबणाच्या वडीएवढा, खिशात मावणारा. माझ्या पोटात सिमकार्ड घालून बटण दाबलं की मी आसपासचा टॉवर शोधतो आणि लॅपटॉपला इंटरनेट पुरवतो. दुसरं काही मला येत नाही. त्या सुनावणीच्या कागदावर माझ्यावर ठपका ठेवलेला आहे आणि मला कुणी एका शब्दानं विचारलेलं नाही. म्हणून आज मीच बोलतोय.

जन्माचं फार सांगण्यासारखं नाही. हजारो सारख्या भावंडांबरोबर एका पट्ट्यावरून खाली उतरलो आणि खोक्यात गेलो. आयुष्य सुरू झालं ते रायपूरच्या तेलीबांधा भागातल्या एका दुकानात. काचेच्या कपाटात मी कितीतरी दिवस पडून होतो. लोक यायचे, मोबाइल घ्यायचे, माझ्याकडे बघायचेही नाहीत.

एक दिवस तिशीतली एक मुलगी आली आणि तिनं थेट माझ्याकडे बोट दाखवलं. दुकानदारालाच नवल वाटलं.

"दीदी, ये अब कौन लेता है? मोबाइल से ही सब हो जाता है."

"मोबाइल पे मेरी आई का फोन आता है, बाबा का आता है, साहब का आता है. मुझे ऐसी चीज़ दो जिस पर किसी का फोन न आए."

ही अनुश्री. तिचे वडील श्यामराव विदर्भातून रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आले, गार्ड म्हणून निवृत्त झाले आणि इथलेच झाले. अनुश्री इंजिनिअर. आधी शहराबाहेरच्या एका लोखंडाच्या कारखान्यात देखभालीच्या कामावर होती. तो सोडून ती यंत्रं बसवून देणाऱ्या एका कंपनीत लागली आणि तिच्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात बसून मी देश बघू लागलो.

बघू लागलो म्हणजे काय, खिडक्या बघितल्या. हॉटेलात पोचल्यावर माणसं पाण्याआधी नेटचा पासवर्ड विचारतात, हे मी मस्कतला शिकलो. जोडणी अडखळली की लॅपटॉप उचलून खोलीभर फिरतात, मला खिडकीत ठेवतात, पुन्हा उचलतात, कपाटावर ठेवतात, जणू टॉवर माझ्यावर रुसलाय. आणि एवढा खटाटोप करून जे बोलणं व्हायचं, ते बहुतेक वेळा एकच असायचं. मंदाकिनीबाई, म्हणजे अनुश्रीची आई, रायपुरातून विचारायच्या, "जेवली का तू?" हे वाक्य मी चार देशांत पोचवलं. एकदाही अर्ध्यात सोडलं नाही.

आता हिरालालबद्दल.

तो रायपूरच्या गुढियारी भागातला. अनुश्रीच्या जुन्या कारखान्यात कामगार होता. खनिज वाहून नेणाऱ्या पट्ट्यात एकदा दगड अडकला. पट्टा बंद केल्याशिवाय वर चढायचं नाही, हा तिथला साधा नियम. अनुश्री तिथेच उभी होती. पट्टा बंद करा, असं ती म्हणाली. मॅनेजरनं वॉकीटॉकीवर सांगितलं, चालू राहू दे आणि माणूस वर पाठव. हिरालाल चढला. खाली आणलं तेव्हा तो जिवंत नव्हता.

कारखान्यानं लेखी सांगितलं की तो न विचारता, आपल्या मर्जीनं चढला, चूक त्याची. तो हुकूम ज्यांनी ज्यांनी ऐकला, ते सगळे अजून त्याच कारखान्यात राबतात. त्यांतला एकही बोलायला तयार नव्हता. नोकरी सोडलेली एकटी अनुश्री होती. हिरालाल हुकुमानं चढला की मर्जीनं, हे तिच्या एका साक्षीवर ठरणार होतं. त्याची बायको शांता श्यामरावांच्या घरी आली तेव्हा मी टेबलावर चार्जिंगला होतो.

"दीदी, हमर आदमी अपन मन ले नइ चढ़े रिहिस," एवढंच ती छत्तीसगढीत म्हणाली. माझा नवरा आपल्या मनानं चढला नव्हता. चहा तसाच ठेवून ती गेली.

सुनावणीची तारीख पडली ती नेमकी अनुश्री व्हिएतनामला असताना. तिनं अर्ज केला, व्हिडिओवर साक्ष द्यायची परवानगी मिळाली. आणि मग तिचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. हॉटेलचं वायफाय मधेच जायचं, म्हणून ती मला घेऊन जिन्यात बसली, गच्चीवर गेली, पुन्हा खोलीत आली. रोज बाबांना फोन लावून बघायची.

"दिसतेय का मी? आवाज येतोय?"

"येऊन राहिला बाई. काल पण आला, परवा पण आला. आता त्या डब्याले थोडं झोपू दे."

मंगळवारी, हायफाँगमधल्या ज्या कारखान्यात ती काम करत होती तिथे जेवणानंतर दिवे मालवले गेले. तिथली रीतच आहे, दुपारी सगळं ऑफिस घडीच्या खाटा टाकून झोपतं. त्या अंधारात, घोरणाऱ्या माणसांत साक्ष कशी देणार? ती मला आणि लॅपटॉपला छातीशी धरून रस्ता ओलांडून कॉफीच्या दुकानात आली. तीन टेबलं बदलली. शेवटी भिंतीजवळ मला पूर्ण टॉवर मिळाला. माझे सगळे दिवे हिरवे होते. हे मी शपथेवर सांगतो.

पडद्यावर 'कृपया प्रतीक्षा करा' असं येत राहिलं. ती उठायची, बसायची, केस बांधायची, सोडायची. मग एकदम खोली दिसली. सुनावणी घेणारे साहेब, कारखान्याचे वकील, मागच्या बाकावर श्यामराव आणि त्यांच्या शेजारी शांता.

वकिलांनी आधी लॅपटॉप चारी बाजूंनी फिरवून दाखवायला लावला, कुणी शिकवायला बसलं आहे का ते बघायला. प्लास्टिकची स्टुलं दिसली, कप धुणारी बाई दिसली.

"सर, मैडम चाय की दुकान से गवाही दे रही हैं."

"कॉफी की है, सर," अनुश्री म्हणाली.

साहेब हसले. मग त्यांनी विचारलं की त्या दिवशी काय झालं. अनुश्री बोलू लागली.

"बेल्ट चल रहा था. मैंने कहा, पहले बंद करो. मैनेजर साहब ने वॉकीटॉकी पर कहा..."

साहेबांचा हात हवेत थांबला. वकिलांचं तोंड अर्धं उघडं राहिलं. शांताची मान वळलेली होती, ती तशीच राहिली. अनुश्री त्या थिजलेल्या चित्राशी बोलत राहिली, पूर्ण वाक्य बोलली, मॅनेजरचं नाव घेतलं. मी तो प्रत्येक शब्द पुढे पाठवला. घ्यायला तिकडे कुणी नव्हतं.

माझी जोडणी तुटली असती तर त्याच क्षणी श्यामरावांचा व्हिडिओ कॉल माझ्यातूनच कसा आला असता? हे मला त्या कार्यालयाला विचारायचं आहे.

"अनु, बोलत काहून नाहीस? इथं तुझं तोंड थांबून राहिलं."

"बाबा, मी बोलूनच राहिले. नेट तुमच्याकडचं गेलं."

श्यामरावांनी फोन हातात धरूनच तिथल्या ऑपरेटरला विचारलं. पुढचं सगळं मी ऐकलं. ऑपरेटर म्हणाला, या खोलीत सकाळपासून नेट नव्हतं, म्हणून वकीलसाहेबांचे ज्युनिअर विराज यांनी आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट दिला होता. विराज कुठे आहेत? त्यांना फोन आला, ते बाहेर गेले. श्यामरावांनी दारातून बघितलं. कानाला मोबाइल लावून विराज जिना उतरत होता, आणि सुनावणीचं इंटरनेट त्याच्याबरोबर खाली चाललं होतं.

"साहब," श्यामराव म्हणाले, "गवाही कारखाने के ख़िलाफ़, और नेट कारखाने का?"

"उन्होंने भलमनसाहत में दिया था. आप बैठिए," साहेब म्हणाले.

"बैठतो. पण माझी पोरगी ह्या फोनवर आहे. तिचं ऐकून घ्या," म्हणत त्यांनी फोन साहेबांसमोर धरला. मराठी निघून गेलं तोंडातून. मग हिंदीत तेच पुन्हा म्हणाले. साहेबांच्या टेबलावर अनुश्रीचा चेहरा स्वच्छ दिसत होता. माझ्यामुळे दिसत होता.

वकील उठले. साक्षीदाराच्या नातेवाइकाच्या फोनला आमची हरकत आहे, म्हणाले.

"निजी फोन पर गवाही नहीं होगी," साहेब म्हणाले.

"वह भी तो निजी फोन ही था, जो अभी सीढ़ी उतर रहा है," श्यामराव म्हणाले.

खोलीत कुणीतरी खुदकन हसलं. साहेब हसले नाहीत. विराज वर आला तोवर कागदावर लिहून झालं होतं: साक्षीदाराच्या बाजूचे नेटवर्क खंडित झाल्याने साक्ष नोंदवता आली नाही, पुरावा बंद.

पुरावा बंद म्हणजे आता कुणाचीही साक्ष घेणार नाहीत. आणि साक्षीदाराच्या बाजूचं नेटवर्क म्हणजे मी.

विराजला खरंच घरून फोन आला असेल. त्याच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही आणि मी त्याच्यावर आरोप करत नाही. पण सरकारची खोली, सरकारचा पडदा, सरकारचा अधिकारी, आणि त्या सगळ्याची जोडणी एका पक्षाच्या खिशात, हे कुणाला खटकलंच नाही?

अनुश्री सुट्टी घेऊन परत आली. साक्ष पुन्हा घ्यावी म्हणून अर्ज दिला. अर्ज विचाराधीन आहे. ती स्वतः त्या कार्यालयात गेली, मी बॅगेत होतोच. सुनावणीच्या शेजारच्या खोलीत पियुष नावाचा कारकून बसतो. तिनं त्याला विचारलं, त्या दिवशी तुमच्याकडे पण नेट नव्हतं का?

"हमारे इधर तो दिन भर चला, दीदी. मैं तो क्रिकेट देख रहा था. नेट के एक ही डिब्बे से दोनों कमरों में तार जाता है."

"फिर उस कमरे में क्यों नहीं था?"

"उधर वाला तार डिब्बे से निकला पड़ा था. शाम को मैंने ही वापस लगाया."

"निकाला किसने?"

पियुषनं खिडकीबाहेर बघितलं. "चाय लेंगी आप?"

तिनं चहा घेतला नाही. त्याच प्रश्नाचा लेखी अर्ज ती वरच्या साहेबांकडे देऊन आली. त्यांची आता बदली झाली आहे. नवे साहेब फाइल बघून सांगतो म्हणतात.

माझं म्हणाल तर माझी बॅटरी फुगली आहे. मागचं झाकण बसत नाही, अनुश्री त्याला रबर लावते. पुढच्या दौऱ्यावर ती मला नेईल की नाही, सांगता येत नाही. कपाटात पडून राहण्याची मला भीती नाही, मी दुकानातही पडूनच होतो. पण त्या कागदावरून माझं नाव काढा. त्याआधी हिरालालच्या नावापुढचे 'स्वतःची चूक' हे शब्द काढा. शांता अजून दर तारखेला जाऊन मागच्या बाकावर बसते, आणि तिला सांगितलं जातं की आता पुरावा बंद झाला आहे.

सुनावणीच्या खोलीची तार त्या मंगळवारी सकाळी नेटच्या डब्यातून कुणीतरी हातानं काढली होती. कुणी काढली, हे त्या कार्यालयानं आजपर्यंत सांगितलेलं नाही.