सुई डावीकडे

मी चिडकी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कोणी शिकवायला नको. गाड्यांच्या सीटा शिवायचं माझं काम. दाभण आणि मेणदोरा घेऊन दिवसभर कातड्याशी झटापट करणाऱ्या बाईकडून गोड बोलण्याची अपेक्षा कोणी ठेवूच नये. पण त्या सकाळी बाबांनी माझ्याकडून शब्द घेतला होता, जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात कोणाशी भांडायचं नाही म्हणून. गेल्या वर्षी मी एका गृहस्थांच्या बुटांवर गाडी धुतलेलं पाणी ओतलं होतं. ते चुकून सांडलं, यावर बाबांचा आजतागायत विश्वास बसलेला नाही.

शब्द द्यायला कारणही तसंच होतं. बाबांचं लायसन्स महिनाअखेर संपत होतं आणि या वयात पुन्हा मिळणार नव्हतं. मेळावा संपताना सगळ्या गाड्या ओळीने मैदानातून निघतात, पुलापर्यंत जातात आणि परत येतात. या वेळी सगळ्यांत पुढे आमची म्हातारी आणि स्टिअरिंगवर बाबा, असं ठरलं होतं. म्हातारी म्हणजे आमची गाडी, माझ्या जन्माआधीची. बाबा आयुष्यभर टेलिफोनच्या तारा जोडत आले, त्यामुळे तिची एकेक तार त्यांनी स्वतःच्या हाताने बदललेली. फेरीसाठी त्यांनी शर्ट आदल्या दिवशीच इस्त्री करून खुर्चीला अडकवला होता. ही एक फेरी त्यांना मिळावी, बाकी मला काही नको होतं.

मैदानात बॉनेट उघडं ठेवायची पद्धत आहे. बघणारे बघतात, विचारणारे विचारतात आणि काही जण शहाणपण पाजळतात. त्या तिसऱ्या प्रकारातला एक आमच्या वाट्याला आला. डोक्यावर पांढरी टोपी, खिशात छोटा पाना आणि पेचकस. मनातल्या मनात मी त्याचं नाव सर्वज्ञ ठेवलं. आल्याआल्या त्याने विचारलं, तुमचे मिस्टर कुठे आहेत, गाडीबद्दल बोलायचं होतं. मी म्हटलं, मिस्टर घरी झोपलेत आणि पेट्रोल कुठून भरायचं यापलीकडे त्यांना गाडीतलं काही कळत नाही. मग रंग कंपनीचा नाही, असं त्याने मला सांगितलं. होता. सीटचं कातडं नकली आहे, असंही सांगितलं. ते मी शिवलेलं. मी दातओठ खाऊन गप्प राहिले. मग त्याची नजर बॅटरीवर गेली आणि ती उलटी जोडलीय, असं त्याने जाहीर केलं.

आताच्या गाड्यांत बॅटरीची ऋण बाजू गाडीच्या पत्र्याला जोडतात. म्हातारीच्या काळात तिच्या कंपनीत धन बाजू जोडत. उलटसुलट काही नाही, ती जन्मापासून तशीच. हे मी त्याला दोनदा सांगितलं, तेही आवाज न चढवता. तो हसला आणि सावलीत खुर्ची टाकून बसलेल्या बाबांकडे बघून म्हणाला,

"आजोबांनी जोडली ना? त्यांना दिसतं तरी का, धन कुठलं नि ऋण कुठलं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबा हातातल्या फडक्याची घडी घालत राहिले. बाबांना दिलेला शब्द मला आठवला. मी रिकामी बादली उचलली आणि पाणी आणायला गेले. भरलेली बादली हातात असती तर काय झालं असतं, सांगता येत नाही.

नळावर रांग होती. परत आले तोवर निघायची वेळ झाली होती आणि कोणीतरी बॉनेट लावून टाकलं होतं. म्हातारीच्या रेडिएटरचं झाकण बाहेर, तिच्या नाकावरच असतं, तिथून मी पाणी घातलं. बाबा स्टिअरिंगवर बसले, मी खिडकीशी उभी राहिले.

आमच्या घरात एक नेम आहे. इंजिन चालू करायच्या आधी पुढचे दिवे लावायचे आणि डॅशबोर्डवरची सुई बघायची. सुई डावीकडे गेली म्हणजे बॅटरी देतेय, उजवीकडे गेली म्हणजे घेतेय. इंजिन बंद असताना दिवे लावले, तर ती डावीकडेच जायला हवी. बाबांनी दिवे लावले, मान वाकवून सुई बघितली.

"ठीक आहे," ते म्हणाले आणि त्यांनी स्टार्टरच्या खटक्याकडे हात नेला.

सुई उजवीकडे होती. मी खिडकीतून हात घालून त्यांचा हात धरला.

बॉनेट उघडलं तर बॅटरी फिरवून बसवलेली. तारेच्या टोकाचा क्लॅम्प बॅटरीवर मावत नव्हता म्हणून पेचकसाने फाकवलेला. इंजिन चालू झालं असतं, तर बॅटरी आणि तिला भरणारा डायनॅमो एकमेकांच्या जिवावर उठले असते आणि बाबांनी जोडलेल्या सगळ्या तारा जळाल्या असत्या. सर्वज्ञ बाजूलाच प्रसन्न चेहऱ्याने उभा होता. मी नीट करून दिली, आभार वगैरे नकोत, म्हणाला. त्यावर मी जे बोलले ते इथे सांगत नाही. त्याचा पाना, टोपी, अक्कल, काही म्हणून सोडलं नाही.

बाबा खाली उतरले. "बस झालं," मला म्हणाले आणि त्यांनी सर्वज्ञाला स्टिअरिंगवर बसवलं. म्हणाले, "दिवे लागलेत, इंजिन बंद आहे. सुई कुठे आहे, मोठ्याने सांगा."

"उजवीकडे."

"म्हणजे बॅटरी भरतेय. दिवे लावून बॅटरी भरलेली कधी बघितलीत?"

सर्वज्ञाने पुन्हा सुईकडे बघितलं. मग टोपी काढली. मी शिवलेल्या सीटवर घाम गाळत बसलेला तो माणूस मला एकदम लहान वाटला. दिवे बंद करून त्याने आणि मी मिळून बॅटरी परत फिरवली, क्लॅम्प आवळला. त्याने पुन्हा दिवे लावले आणि न विचारताच सांगितलं, "डावीकडे."

बाबाही खिडकीतून वाकून बघत होते. पण त्यांची नजर सुईवर नव्हती. ती वीतभर बाजूला, घड्याळावर होती. ते दहा पावलांवर बसलेले असताना या माणसाने बॅटरी फिरवली कशी, हे मला आत्ता कळलं.

चला बाबा, सगळे खोळंबलेत, मी उगाच मोठ्याने म्हटलं. त्यांनी माझ्या हातावर किल्ली ठेवली.

"त्याचं बॅटरीचं चुकलं," ते म्हणाले. "डोळ्यांचं नाही."

काचेवर ऊन आलं असेल, मी म्हटलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. तीन महिने झाले, सुई दिसत नाहीये. एक फेरी तर आहे, निभेल, असं वाटलं होतं. "पण वाटेत बघायला पोरंटोरं उभी असतात गं."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. सर्वज्ञ कुठे बघावं ते न कळून टोपी चुरगळत होता. मग त्याने विचारलं, "ताई, मी पुढे जाऊन लोकांना बाजूला करू का?" पहिल्यांदाच तो मला विचारून काही करत होता. करा, मी म्हटलं, पण कशाला हात लावू नका.

बाबा शेजारच्या सीटवर बसले. मी दिवे लावले.

"सुई?" त्यांनी विचारलं.

"डावीकडे, बाबा."

"मग खटका ओढ."

मैदानाबाहेर पडेपर्यंत त्यांनी डोळे मिटून घेतले होते. रस्त्याला लागल्यावर इंजिनचा आवाज जरा चढला. गिअर बदलायला हवा हे माझ्या लक्षात यायच्या आतच ते म्हणाले, "आता."

पुलापर्यंत आणि परत, ते एकदाही चुकले नाहीत.