झगेवाल्याचा पहिला अंक

हरिश्चंद्र जहाजावरून तारकर्लीला परतायचा तेव्हा त्याच्या ट्रंकेत काय नसेल ते थोडं. साबण, ब्लेडं, एकदा तर न चालणारं घड्याळसुद्धा. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा त्याने एक जुनं चित्रांचं पुस्तक आणलं. कुठल्याशा अमेरिकन खलाशाने वाचून टाकून दिलेलं. घरात इंग्रजी कुणाला येत नव्हतं, पण मुखपृष्ठ समजायला इंग्रजी कशाला हवं? लाल झगा घातलेला एक धिप्पाड गडी भर वादळात उडत होता आणि बुडतं जहाज त्याने दोन्ही हातांवर उचलून धरलं होतं. हरिश्चंद्राची बायको सुगंधा बघतच राहिली. हरिश्चंद्राने मात्र पुस्तक घरातल्या जुन्या ट्रंकेच्या तळाशी टाकलं आणि विसरून गेला. पुरुषांचं हे असंच. आणायची हौस त्यांची, जपायचं काम बायकांचं.

सुट्टी संपली, मालवणच्या बंदरातून बोट त्याला घेऊन मुंबईकडे गेली. सुगंधा घरी आली आणि तिने ट्रंक उघडली. गावच्या देवाला गाऱ्हाणं घालून झालं होतं, पण देवाला सगळ्या गावाचं बघावं लागतं. हा झगेवाला फक्त जहाजांचंच काम बघतो, हे तर चित्रात लख्ख दिसत होतं. तिने त्याच्या कपाळावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि बजावलं, "माज्या घोवाक सुखरूप परत हाड."

हरिश्चंद्र सुखरूप परत आला. मग काय, तो गेला की कुंकू, हा नेमच झाला. हसायचं त्याने हसावं. नवरा समुद्रावर असताना घरात बसून राहणं म्हणजे काय, ते हसणाऱ्याला ठाऊक नसतं. हरिश्चंद्राला यातलं काहीच माहीत नव्हतं, कारण सगळं व्हायचं ते त्याच्या पाठीमागे.

पासष्ट साल उजाडेपर्यंत त्याचे गुडघे कुरकुरायला लागले. आता आपल्या किनाऱ्यावर आपली होडी घालायची, असं दोघांनी ठरवलं. होडी बांधून तयारही होती, पण उरलेले पैसे दिल्याशिवाय सुतार ती हलवू देईना. त्यासाठी जहाजाची आणखी एक खेप करावी लागणार होती. सुगंधाला तीच नको होती. या खेपेचं नाव काढलं की तिच्या मनात पाल चुकचुकायची.

अशात बाबली सुट्टीवर आला. हरिश्चंद्राचा हा जुना सोबती जहाजावर स्वयंपाकी होता. ओट्यावर टेकताच तो म्हणाला, "हरिश्चंद्रा, त्या झगेवाल्याचां पुस्तक आसा मा रे तुज्याकडे? अमेरिकेत लोक असली जुनी पुस्तकां शोधीत फिरतत. आणि तुजो तर पयलो अंक! कोरो असलो तर होडयेचे पैशे सुटले समज."

"येडे झाले काय ते?"

"येडेच. पण पैशेवाले."

आत चुलीपाशी सुगंधा फुंकणी टाकून उठली. तोवर हरिश्चंद्राने ट्रंक ओट्यावर आणली होती. पानं शाबूत, कोपरे शाबूत, मध्ये कडुलिंबाचा पाला. पण झगेवाल्याचं तोंड कुठे होतं? कपाळापासून हनुवटीपर्यंत कुंकवाचे थरावर थर बसले होते.

"ह्यां कोणी केल्यान?" हरिश्चंद्र ओरडला.

"मी," सुगंधा दारातून म्हणाली. "तुमी गेलास काय लावतंय. म्हणान तर तुमी परत येतास."

"मी परत येतंय तो कप्तानाच्या अकलेन! ह्या कागदाच्या बाहुल्यान न्हय!"

ते तिला फार लागलं. बाबलीने पुस्तक उन्हाकडे धरलं. "वयनी, ओल्या फडक्यान अलगद पुसलास तर निघात. रंग थोडो जायत, पण बऱ्यापैकी पैशे येतीत. सुताराक गप करूक पुरे."

सुगंधा फडकं भिजवून घेऊन आली. नवरा समोर उभा असताना आपल्या हाताने कुंकू पुसायचं, मग ते चित्रावरचं का असेना! पण पुसलं तर तो घरी राहणार होता. ज्या समुद्रासाठी कुंकू लावलं, तो समुद्रच सुटणार होता. तिने डोळे मिटले आणि फडकं खाली नेलं.

हरिश्चंद्राने तिचं मनगट धरलं.

"रव. पुसू नको."

"आणि होडी?"

"मी आणखी एक खेप मारतंय."

सुगंधाला त्याचा संताप आला. जे टाळायला ती छातीवर दगड ठेवून उभी राहिली होती, तेच हा माणूस आपणहून पत्करत होता. आणि तरीही तिला भरून आलं. बाबली चहा न घेताच उठला.

निघायच्या दिवशी हरिश्चंद्र कुंपणाच्या बेड्यापर्यंत जाऊन माघारी आला.

"ट्रंक उघड. माज्यासमोर लाव."

"बोट चुकात तुमची."

"चुकांदे."

तिने अंक काढला, करंडा उघडला. तोंडावर जागा उरली नव्हती, तरी तिने बोट टेकवलं. हरिश्चंद्र खाली बघत उभा होता.

"त्येका सांग," तो पुटपुटला, "तुजो घोव आता म्हातारो झालो आसा. वायच सांबाळून हाड म्हणान."