केतुपोंगची हाक

ओढ्यावरचा ओंडका ओलांडताना काशाच्या थाळ्या वाजवणाऱ्यांचे हात जरा थांबले आणि नेमक्या त्याच शांततेत रानातून आवाज आला: किके, किके, किके!

वरात जागच्या जागी थिजली. नवरी नेताना थाळ्या बडवायच्या त्या एवढ्यासाठीच, की वाईट पक्षी बोलला तरी कानांवर पडू नये. आता आवाज पडला होता. तो अपशकुनी केतुपोंग असेल तर नवरी मेंगान आल्या पावली माहेरी परत आणि लग्न पुढल्या कापणीवर. तोवर कोण कुणाचं राहतं! शेजारच्या सेंडीचं असंच मोडलं होतं.

नवरदेवाचे आजोबा उंगाट खाली टेकले. शकुनाचा शब्द त्यांचा. "आधी पक्षी बघा. उगाच कुणाच्या नावावर ढकलू नका."

मेंगान तोवर झुडपांत शिरलीसुद्धा. केतुपोंग म्हणजे अंगठ्याएवढा, शेपूट खुडल्यासारखा सुतारपक्षी; पानाआड पान झालेला. ती खोडामागून खोड धुंडाळत राहिली. पायातले घुंगूर वाजू नयेत म्हणून वाकून एका हाताने धरलेले. किके, किके! तिने वर पाहिलं. फांदीवर काळाभोर भृंगराज, शेपटीच्या दोन लांब तारा हलवत, चोच उघडून. साऱ्या रानाच्या नकला करणारा तो!

ती धावत परतली. "आजोबा, भृंगराज आहे! मी पाहिला!"

"नवरीला काय, आज मगरसुद्धा मासोळी दिसेल," नवरदेवाची आत्या म्हणाली. सगळे हसले. नवरदेव बाकिर तेवढा हसला नाही.

मेंगानने आजोबांचा हात धरला. "मग तुम्हीच चला."

"पोरी, माझ्या डोळ्यांत नुसतं धुकं."

"कान तर आहेत ना?"

दोघं झाडाखाली उभी राहिली. भृंगराज गप्प. मुंग्या पायावर चढल्या, उतरल्या. "बोल रे मेल्या," ती पुटपुटली, "मघाशी तर थांबत नव्हतास."

अखेर: किके, किके... आणि श्वासही न घेता त्याच फांदीवरून तांबटाची टुकटुक, लगेच धनेशाचं खेकसणं.

आजोबांनी मान डोलावली. "एवढे पाहुणे एका फांदीवर मावायचे नाहीत. चला!"

वरात हलली. मेंगान सगळ्यांच्या पुढे, झपझप. बाकिर धापा टाकत म्हणाला, "अगं, घर पळून जातंय का? आता कसली भीती?"

तिने मागे वळून झाडांकडे पाहिलं. भृंगराज ती हाक शिकला कुणाकडून? ऐकल्याशिवाय का कुणी शिकतं? म्हणजे खरा केतुपोंग इथंच, याच झाडांत कुठेतरी...

तिने पाऊल आणखी उचललं.