आढ्याला टांगलेली म्हैस

कसबा बावड्यात त्या गुरुवारी एवढी गर्दी, की मुंगीनंही "जरा सरका की!" म्हणावं. मधोमध त्रिकालबाबा, पुढ्यात आडवी पोथी. तिच्यात बघून बाबा कुणाच्याही गोठ्यात त्या घटकेला काय चाललंय ते सांगत. लोक घरी फोन लावून खात्री करत आणि धाडकन पाया पडत.

"सीताबाई, तुझी म्हस आत्ता डाव्या कुशीवर बसलीया. शेपटीवर काळी सावली हाय!" बाबा गरजले. "सांजच्या आत मठाला सोड, न्हायतर घराचं वाटोळं!"

मठाचा टेम्पो तयारच होता. सीताबाईंची ती एकुलती एक म्हैस, त्यात गाभण. डोळ्याला पदर लावून बाई उठल्या.

शेजारची क्रांती कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिनं हात धरला. "मावशी, थांबा. ज्यांच्या गोठ्यात कॅमेरा हाय, त्यांचंच बाबांना दिसतं. वायफाय गेलं की लगेच समाधी लागती! तुमचा कॅमेरा बसवला कुणी?"

"बाबांच्याच शिष्यानं. म्हस व्याया लागली तर घरात कळावं म्हणून."

"पासवर्ड बदलला?"

"अगं, कॅमेऱ्यासंगं डब्यातनं आलेला त्यो! बदलला आन् कॅमेरा रुसला म्हंजे?"

क्रांतीनं सीताबाईंच्या मोबाइलवरनं कॅमेऱ्याचा पत्ता घेतला, डब्यातला तोच ठरावीक पासवर्ड आपल्या मोबाइलवर टाकला, एक बटण दाबलं आणि मोठ्यानं विचारलं, "बाबा, आता काय दिसतंय?"

बाबा पोथीत वाकले. डोळे पांढरे झाले. "म्हस... आढ्याला... पाय वर..."

"म्हस हाय का वटवाघूळ?" आकाराम पैलवान ओरडला.

बाबांनी पोथी उलटी धरली. आतलं चित्र आपोआप फिरलं, म्हैस वरच. सुलटी केली, तरी म्हैस वरच! शेवटी त्यांनी स्वतःचीच मान उलटी घातली. तोल गेला, आणि पोथीतला मोबाइल घसरून थेट सीताबाईंच्या ओटीत. पडद्यावर त्यांचीच म्हैस, छताला चिकटून निवांत रवंथ करत होती.

क्रांती म्हणाली, "या कॅमेऱ्याचं इंटरनेटवर स्वतःचं पान असतं. पत्ता आणि पासवर्ड ज्याला ठाऊक, त्याला कुठनंही थेट चित्र दिसतं. ते उलटं करायची सोय त्याच पानावर हाय. मी तेवढंच केलं."

सीताबाईंनी मोबाइल पुढं केला. "घ्या तुमची दिव्यदृष्टी. तिन्ही काळ दिसतात, आन् क्रांतीचं बोट दिसलं न्हाय व्हय?"

टेम्पोत म्हशीऐवजी बाबा चढले. मागचा फाळका आकारामनं लावला.

म्हैस सुखानं व्याली, रेडी झाली. नवा पासवर्ड सीताबाईंनी मालकांनासुद्धा सांगितलेला नाही.

तेव्हा मंडळी, कुणी तुमच्या घरातलं बिनचूक सांगितलं, तर वाकायच्या आधी एवढंच विचारा, "तुम्हाला कळलं कसं?" खऱ्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. आला, तर टेम्पो बोलवा.